दादाची शिकवणी

१४ ऑक्टोबर

वहिनी,

तुझ्या नावामागे 'सौ.' लिहावं की नाही, या विचारात हे पाकीट कितीतरी दिवस उशाशी पडून होतं. शेवटी नुसतं वहिनी लिहिलं. तू दादाला सोडलंस. मला सोडल्याचं काही बोलली नव्हतीस, तेव्हा वहिनी म्हणायचा माझा हक्क शाबूत आहे असं मी धरून चालते. पटत नसेल तर पत्र फाडून टाक, पण आधी वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुला वाटतं मी दादाची बाजू घेतली. मी कसली बाजू घेतेय? तू निघालीस तेव्हा एका हातात तुझी बॅग आणि दुसऱ्या हातात छोटीचे बूट घेऊन मी जिन्यात उभी होते. बाजू घ्यायला तिसरा हात कुठून आणू? असो.

एक विचारायचं आहे. तू आता औषधांच्या दुकानात असतेस असं कानावर आलं, म्हणून तुलाच विचारते. माझ्यासाठी नाही. आमच्या टेबलावरच्या एका बाईसाठी.

लाँड्रीत सगळं तू पाहिलं होतंस तसंच आहे. दवाखान्यांतून मळकी गाठोडी येतात. चादरी, ऑपरेशनचे झगे, टॉवेल. कुणीतरी घाईत विसरलेल्या सुया, पाती, कात्र्याही त्यातच. निवडीच्या टेबलावर आम्ही बायका ते हातानं उलगडून वेगळं करतो, मग ते यंत्रात जातं. दादा अजून मुकादम आहे आणि अजून कमरेवर हात ठेवूनच फिरतो. तर मागच्या आठवड्यात आमच्या रांगेतल्या एकीला सुई टोचली. उजव्या अंगठ्याच्या खाली, चांगली आत. तिनं नळाखाली हात धरला, चिंधी बांधली, वर हातमोजा चढवला आणि पुढचं गाठोडं ओढलं. कुणाला कळलं नाही. मी शेजारी होते म्हणून मला कळलं.

तिनं आता काय करावं? मलमावर भागेल का?

मुकादमाला का सांगितलं नाही असं विचारू नकोस. तू त्याच्याबरोबर संसार केला आहेस. रात्री जेवताना तो हसत हसत सांगायचा ना, आज कुणाची आंधळी कोशिंबीर केली ते? तो खेळ अजून चालू आहे. कुणाला टोचलं असं कळलं, की तो खिशातला मोठा रुमाल काढतो, तिच्या डोळ्यांवर बांधतो आणि म्हणतो, "नाहीतरी डोळ्यांचा उपयोग काय बाई तुला! आता अशीच निवड." धुतलेल्या कपड्यांचं एक गाठोडं पुढ्यात टाकतो. ते संपेपर्यंत बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. धुतलेलं देतो, मळकं नाही, एवढी त्याची दया. आम्ही टाळ्या वाजवतो. जिच्या डोळ्यांवर रुमाल असतो तीसुद्धा हसते, कारण नाही हसली तर 'मॅडमना राग आला' म्हणून आठवडाभर ऐकावं लागतं.

एवढंच विचारायचं होतं. छोटीला तिच्या आत्याचा पापा दे. माझ्याकडून म्हणून सांगू नकोस, नुसताच दे.

तुझी नणंद

२७ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं उत्तर आलं. इतक्या काळानंतर तीन ओळी, पण आल्या. "त्या बाईला आजच्या आज दवाखान्यात ने. इंजेक्शन असतं, ते लगेच घ्यावं लागतं. उशीर झाला तर उपयोग होत नाही." आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, "ती तूच ना?"

हो, मीच.

अंगठ्याखाली, चांगली आत, असं शेजारणीच्या हाताबद्दल कोण लिहितं, नाही का? खोटं बोलायचं तर सराव लागतो आणि मला वाटायचं माझा झालाय.

नाही, मी गेले नाही. चिडू नकोस, पुढे वाच. लाँड्रीनं ठरवून दिलेल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळायला लाँड्रीची चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर सही मुकादमाची. बाहेर कुठे जायचं तर कामाच्या वेळेत सुट्टी हवी, आणि सुट्टी देणारा पुन्हा तोच. रविवारी जाईन म्हटलं. रविवारी अंगठ्यावर नुसता ठिपका उरला होता. मग वाटलं, बरंच झालं की.

हेही खरं कारण नाही. खरं कारण सांगते. दादानं माझी एक जाहिरात करून ठेवली आहे. नवी बाई टेबलावर आली की तो मला बोट दाखवतो. "ही बघा. एवढी वर्षं निवडीवर आहे, हिला कधी टोचलं नाही. डोळे असावेत तर असे." बहीण म्हणून कधी कौतुकाचा शब्द नाही, पण हे मात्र मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधताना त्याला सगळ्यांत जास्त मजा येईल की सगळ्यांत जास्त राग येईल, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही नकोत.

एक गंमत सांगते, म्हणजे पत्र अगदीच सुतकी व्हायचं नाही. दादाची शिकवणी लागली आहे. खरंच. बायका टिकत नाहीत, येतात आणि महिन्यात जातात, म्हणून धाकट्या मालकांनी कोच आणली आहे. कोच म्हटल्यावर आम्हाला वाटलं, शिट्टी वाजवून पळायला लावणार. पण आली एक सावळी, उंच, पन्नाशीची बाई, चपटे बूट घातलेली. पूर्वी तिनं एका मोठ्या बेकरीची रात्रपाळी सांभाळली होती म्हणे. हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. पहिला आठवडा ती निवडीच्या खोलीत स्टुलावर नुसती बसून राहिली. ना वही, ना प्रश्न. दादा तिला पाणी हवं का, पंखा हवा का विचारत होता, आणि ती "नको, तुमचं चालू द्या" म्हणत होती. त्या आठवड्यात त्यानं रुमाल काढला नाही. आम्हाला सुट्टी लागल्यासारखं झालं होतं.

आता दर मंगळवारी ती त्याला साबणाच्या कोठीत घेऊन बसते. बायकांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलंय. दादा बाहेर येतो तेव्हा कॉलर ओली झालेली असते.

दवाखान्याचं बघते. तू काळजी करू नकोस.

तुझी नणंद

९ डिसेंबर

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण तू एकच प्रश्न विचारतेस आणि त्याचं उत्तर तेच आहे. नाही गेले. आता जाऊन इंजेक्शनाचा काय फायदा, तूच लिहिलं होतंस ना उशिराचं? मला बरं नाही असं नाही. नुसता थकवा येतो. तेलाचा वास नकोसा होतो. काल अर्धं ताट तसंच टाकलं तर दादा म्हणाला, "आळस अंगात मुरला की भूकही मरते." मी म्हटलं, "हो, तसंच असेल."

शिकवणीचं सांगते.

घरी तो अभ्यास करतो. सकाळी दाढी करताना आरशात बघून म्हणतो, "काय झालं ते सांग. मी ऐकतोय." इतक्या दरडावून म्हणतो, की त्या आरशाच्या जागी मी असते तर सगळे गुन्हे कबूल केले असते. मग गळा साफ करून पुन्हा, जरा हळू. मी स्वयंपाकघरात तोंडाला हात लावून हसते. एके संध्याकाळी त्यानं माझ्यावर प्रयोग केला. समोर येऊन बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि म्हणाला, "आज कामात तुला काही अडचण आली का?"

वहिनी, तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "मीठ संपलंय."

तो म्हणाला, "बरं," आणि उठून मीठ आणायला गेला.

कामावर तर आणखी तऱ्हा. एकीच्या हातून गाठोडं सुटून जमिनीवर पसरलं. दादा जवळ गेला आणि म्हणाला, "लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे." त्या बाईला घाम फुटला. मुकादम गोड बोलतोय म्हणजे नोकरी गेली, अशी बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या लाँड्रीत पसरली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. दादानं मंगळवारी मास्तरणीला ते सांगितलं, तक्रारीच्या सुरात. "तुमचं ऐकलं आणि बाई पळाली!"

मला हे कसं कळलं? साबणाची कोठी आणि आमची कपडे बदलायची खोली यांच्यामध्ये नुसती फळी आहे. मी मुद्दाम ऐकत नाही. मुद्दाम कानात बोटंही घालत नाही.

मास्तरीणबाई काही शिकवतच नाहीत. विचारतात आणि गप्प बसतात. रुमालाचं त्यांच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे, त्या दिवशी विचारलं, "रुमाल बांधायचात तेव्हा तुम्हाला काय व्हायला हवं होतं?"

"बायकांनी नीट बघून काम करावं."

"मग तसं झालं?"

"झालं म्हणजे! अहो, वर्षभरात टोचल्याच्या तक्रारी जवळपास बंद. पूर्वी किती यायच्या!"

"यंत्राची गाळणी कोण साफ करतं?"

"मीच. दर शनिवारी. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

"काय निघतं तिच्यात?"

मी पायातला बूट काढून हातात धरून तशीच उभी.

"सुया निघतात," तो म्हणाला.

"म्हणजे त्या कुणाच्या तरी हातांखालून गेल्या. इतक्या सुया हातांखालून गेल्या आणि टोचलं कुणालाच नाही?"

यावर दादा काय म्हणाला असेल? म्हणाला, "माझी बहीण आहे टेबलावर. तिला विचारा. तिला कधीच टोचत नाही."

"विचारते," बाई म्हणाल्या.

आणि विचारलं. नळाशी गाठलं मला. "तुम्हाला कधी टोचलं नाही म्हणे?" मी म्हटलं, "नाही." "समजा टोचलं, तर पहिलं कुणाला सांगाल?" मी चटकन म्हणून गेले, "वहिनीला." त्यांनी विचारलं, "त्या इथेच असतात?" मी म्हटलं, "नाही, खूप लांब." त्यांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. "मी दर मंगळवारी असते," एवढंच म्हणून हात पुसत निघून गेल्या.

मला त्यांचा राग आला. अजून आहे. पाहुणी बाई, मंगळवारची येणार, आमच्या घरातलं उकरणार, आणि बुधवारी दादा पुन्हा आमच्याच वाट्याला.

तुझी नणंद

२० जानेवारी

वहिनी,

आज सगळं बाहेर पडलं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी मास्तरीण यायच्या आधीच दादानं सगळ्यांना निवडीच्या टेबलाभोवती बोलावलं. खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आजपासून हे बंद." पुढेही काहीतरी पाठ केलेलं होतं, पण विसरला. आमच्यात एक पोपटीण म्हणून पोरगी आहे, जीभ म्हणजे कात्रीच. ती हसत हसत म्हणाली, "बंद कशाला मुकादम? एकदा तुम्ही करून बघा की."

ती बोलली आणि तिचं तिलाच भान आलं. चेहरा पांढरा पडला. आता हा हिला फाडून खाणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बांध."

तिनं घट्ट बांधला. त्यानं पातळ हातमोजे चढवले. कुणीतरी सवयीनं धुतलेलं गाठोडं पुढे सरकवलं. त्यानं हातानं चाचपलं आणि म्हणाला, "हे नको. मळकं आणा." मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला. तेही लिहून ठेवते.

त्यानं दोन चादरी उलगडल्या. फार हळू. नेहमी आमच्यावर "हात चालव, हात चालव" म्हणून ओरडणारा माणूस, आंधळ्यासारखा कापड चाचपत होता. मी बरोबर त्याच्या समोर उभी होते. तिसऱ्या चादरीची घडी सुटली आणि तिच्यात कात्री दिसली, लहान, ऑपरेशनची, टोक वर केलेली. मला दिसली. माझ्या शेजारणीला दिसली, कारण तिनं माझ्याकडे बघितलं. पोपटिणीला दिसली. टेबलाभोवती एवढ्या बायका, एकीनंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. 'थांब' एवढं म्हणायचं होतं, वहिनी. माझा भाऊ आहे तो. मी त्याचा हात खाली येताना बघत राहिले.

तो थांबला. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. मग उजवा हात अंगरख्याच्या खिशात घातला आणि डाव्या हातानं रुमाल ओढून काढत म्हणाला, "झालं. बघितलंत ना? चला, कामाला लागा."

मास्तरीण दारात उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "हे करायला मी सांगितलं नव्हतं. हात दाखवा."

"काही झालं नाही."

"मुकादम, हात."

"काही नाही म्हटलं ना एकदा!"

खिसा ओला होत चालला होता. सगळ्या बघत होत्या आणि तो मात्र छाती पुढे काढून उभा. मला आधी हसू फुटलं. दात दाखवून हसले मी, वेड्यासारखी. कारण तो हुबेहूब आमच्यासारखा उभा होता. आम्ही प्रत्येक जण असाच हात लपवतो, असंच 'काही नाही' म्हणतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं तरी त्याला पहिल्याच झटक्यात आलं.

कामावर मी त्याला मुकादमच म्हणते, तुला माहीत आहे. आज तोंडातून निघालं, "दादा, हात बाहेर काढ. कात्री लागलीय तुला. आम्ही सगळ्यांनी बघितली होती." आणि थांबता येईना म्हणून पुढेही बोलले, "मला ऑक्टोबरात सुई टोचली. मी दवाखान्यात गेले नाही. मला जेवण जात नाही."

इतके दिवस आरशासमोर घोटलेलं वाक्य त्याला आठवलं नाही. त्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यानं मान वळवून बघितलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. रुमाल अजून त्याच हातात होता.

मास्तरणीनं गाडी काढायला लावली. आम्ही दोघं मागच्या सीटवर, त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. दवाखान्यात त्याला इंजेक्शन मिळालं, वेळेत आला म्हणून. माझं नुसतं रक्त घेतलं.

तुझी नणंद

५ मार्च

वहिनी,

रक्तातली कावीळ निघाली, बी म्हणतात ती. डॉक्टरीण समजावून सांगणारी आहे. म्हणाली, मोठ्या माणसांत बहुतेकांच्या अंगातून ती आपसूक जाते. काहींच्या जात नाही, मग ती यकृतात घर करून बसते आणि जन्मभर औषध, तपासण्या. कोणत्या गटात मी, हे सहा महिने झाल्याशिवाय कळायचं नाही. मी म्हटलं, आमच्या घराण्यात कोणी आलं की लवकर जात नाही. ती हसली नाही.

तू विचारलंस, येऊ का? नको येऊस. तू आलीस तर दादाला वाटेल त्याच्यासाठी आलीस, आणि तुला वाटेल मी त्याच्यासाठी बोलावलं. आहे एवढं पुरे.

त्याचं सांगते, कारण तू विचारत नसलीस तरी ओळी शोधत असशील. पुढच्या मंगळवारी तो राजीनामा लिहून मास्तरणीकडे गेला. फळीपलीकडून मी ऐकलं, या वेळी मुद्दाम. त्या म्हणाल्या, "राजीनाम्यानं तुमची सुटका होईल. टेबल तसंच राहील. उद्या दुसरा मुकादम येईल, त्याच्या खिशात दुसरं काही असेल." दादा म्हणाला, "मग मी काय करू?" बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. कुठून सुरुवात कराल?" आणि नेहमीप्रमाणे गप्प बसल्या. मला वाटलं, आता तरी सांग ना बाई, माणूस रडतोय. पण नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कपाटापासून."

जाड हातमोजे कपाटात कुलूपबंद होते, हात मंदावतात म्हणून. ते त्यानं स्वतः वाटले. मग चिमटे मागवले. मग मालकांसमोर उभा राहून टेबलावरच्या सगळ्यांना काविळीची लस टोचायला लावली, जी आम्हाला पहिल्या दिवशीच द्यायला हवी होती. एके दिवशी टेबलाशी आला आणि म्हणाला, "ज्यांना ज्यांना टोचलंय आणि सांगितलं नाही, त्यांनी आज सांगा. मी काही बोलणार नाही." कुणी हललं नाही. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा माझ्या शेजारणीनं हात वर केला. मग पलीकडच्या दोघींनी. मग बघता बघता अर्ध्याहून जास्त टेबल. तो एकेकीपाशी जाऊन ऐकत होता, मध्ये न बोलता. सवय नाही ना, जबडा नुसता हलत होता. सगळ्यांची तपासणी झाली. बाकी सगळ्या धडधाकट निघाल्या. बरं झालं. खरंच बरं झालं.

बाईंवरचा माझा राग गेला. त्यांना एकदा म्हटलं, "तुम्ही आधी आला असता तर." त्या म्हणाल्या, "हो." बाकी काही मखलाशी केली नाही, म्हणून आवडल्या.

घरी दादा माझ्याशी जपून बोलतो. माझ्या आधी उठून चहा ठेवतो. मला त्याची कीव येते आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात तो चहा ओतावासा वाटतो. दोन्ही खरं आहे.

तुझी नणंद

३० जुलै

वहिनी,

गेली नाही. सकाळी निकाल मिळाला. आता ती माझ्याबरोबरच राहणार. रोज एक गोळी, ठरावीक काळानं तपासण्या, आणि डॉक्टरीण 'पुढे काय होईल' या प्रश्नावर कागद चाळायला लागते.

दादा बाहेर बाकावर बसला होता. मी सांगितलं. त्यानं समजुतीचं काही सांगितलं नाही, 'सगळं ठीक होईल' म्हटलं नाही. म्हणाला, "मी काय करू, तू सांग." मी म्हटलं, "काही करू नकोस. बस." तो बसला. पुष्कळ वेळ बसलो. मग दोघंही कामावर गेलो, कारण घरी जाऊन तरी काय करणार होतो?

मला आता घड्या घालायच्या टेबलावर दिलंय, धुतलेल्या कपड्यांच्या. तिथून निवडीची खोली समोर दिसते. दुपारी तिथून आरोळी आली, "मुकादम! टोचलं!"

पोपटीण होती. चिमट्यानं उचलायची सोडून हातानं उचलायला गेली, गाढव. हात उंच धरून ती ओरडत होती आणि दादा धावला. वहिनी, तू त्याला कधी धावताना पाहिलंयस का? मी नव्हतं. त्यानं तिचा हात नळाखाली धरला, दुसऱ्या हातानं गाडीवाल्याला खूण केली, आणि तिला म्हणाला, "बरं केलंस लगेच सांगितलंस. चल." आरशातलंच वाक्य असावं, पण आता त्याचं झालंय. गाडी बाहेर पडेपर्यंत पोरगी रडतही होती आणि बडबडतही होती. संध्याकाळी परत आली. इंजेक्शन मिळालं, लस आधीच झालेली, काळजीचं कारण नाही म्हणाले. बायकांनी तिला मध्ये बसवून पाणी पाजलं. एक जण म्हणाली, "मुकादम किती बदलले, नाही?"

बदलला. मास्तरणीचं काम खरं आहे. आता आमच्याकडे येऊन सहा महिने टिकलेल्या बायका आहेत. टेबलावर एक जण दुसरीला म्हणते, "थांब, तिथे काहीतरी आहे." आधी असं कुणी म्हणत नव्हतं. मी हे कुणालाही शपथेवर सांगेन.

पण ती पोरगी हात वर करून ओरडली ना, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. इतका की हातातली घडी केलेली चादर मी चुरगाळून खाली टाकली आणि तिच्यावर पाय दिला. तिचं काही वाईट व्हावं असं वाटलं नाही, देवाशपथ. फक्त, ती ज्याच्या नावानं ओरडली तो माझा भाऊ आहे. एकाच घरात जेवतो आम्ही. तिच्यासाठी तो धावला, आणि मी त्याला मीठ संपलंय म्हणून सांगितलं होतं.

हे मी त्याला सांगू शकत नाही. पूर्वी सांगत नव्हते कारण तो ऐकायचा नाही. आता तो ऐकतो. सगळं ऐकून घेईल, मध्ये न बोलता, आणि मग त्याच्यात काही उरायचं नाही. आणि त्याला उद्या टेबलाशी उभं राहायचंय, तिथे बाकीच्या आहेत.

म्हणून पुन्हा तुलाच लिहिते. मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हा मी नको म्हटलं होतं. आता ये. दादासाठी येऊ नकोस, तुमचं काय ते तुम्ही बघा. एक रविवार ये. हवं तर घरी येऊ नकोस, स्टेशनवर भेटू. मला कुणासमोर तरी मोठ्यानं रडायचं आहे, आणि घरात रडले तर तो चहा घेऊन येतो.

तुझी नणंद